भेळ खाल्ली म्हणजे कोल्हापूर झालं?

'रंकाळ्यावर भेळ खाल्ली, महाद्वार रोडवर चप्पल घेतली की कोल्हापूर झालं' हे कोल्हापूरच्या भटकंतीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. रंकाळ्यापर्यंत आलेल्या माणसाला टाऊन हॉल असा किती लांब? तिथल्या संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठचं हे गाव प्राचीन काळी कुठवर व्यापार करत होतं, ते ती बघितल्यावर कळतं. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी तर राहतं घरच चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. त्यांची निसर्गचित्रं तिथं निवांत, जवळून बघता येतात. यातलं काहीच लेखात नाही, याचं वाईट वाटलं.

आणि चप्पल घ्याच, पण बघून घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळालं तरी नकली माल सर्रास खपवला जातो. पाहुणे आले की मी त्यांना दुकानात आधी चप्पल उलटी करायला लावतो. अस्सल असेल तर शिवण चामड्याच्याच वादीची असते, खिळे नसतात. भावही फार पाडू नका. कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत कारागिराचा हात लागलेला असतो.