अडकतच नाही, तर साखळी कशाला?

मिरग लागला की बेळगावात दोन गोष्टी हमखास फिरायला लागतात: चोर्ल्याच्या धबधब्यांचे व्हिडिओ आणि हा एक मेसेज. मला तो आतापर्यंत पाच ग्रुपांवर आलाय. मजकूर थोडक्यात असा: ‘पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे जायचं तर फोर बाय फोर व्हॅनच घ्या. चारही चाकं ओढतात, अडकायचा प्रश्नच नाही. रुतली तरी अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका. टायरात हवा टाइट ठेवा. पाऊस सुरू झाला की डांबरावरही फोर बाय फोर टाकून ठेवा. व्हॅन जड असते, पाण्यातून बिनधास्त काढा. सोबत साखळी ठेवा, बंपरला अडकवून कुणीही ओढेल.’

गाडी अडकतच नाही, तर साखळी कशाला, हे लिहिणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही.

‘चारही चाकं ओढतात, अडकायचा प्रश्नच नाही.’ गेल्या वर्षी नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत येळ्ळूरच्या शिवारात मित्राची अशीच व्हॅन मी स्वतः रुतवली. फोर बाय फोर चालू होतं. पाणंदीत पुढचं डावं चाक चाकोरीतून घसरून खड्ड्यात लोंबकळलं, आणि गाडी तिरकी होऊन मागचं उजवं चाक उचललं गेलं. ही दोन चाकं गरागरा फिरत होती. उरलेली दोन, ज्यांच्यावर गाडीचा सगळा भार होता, ती ढिम्म.

दोष डिफरेन्शियलचा, म्हणजे एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरावं म्हणून ते असतं. पण साधं, लॉक नसलेलं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत असेल तर ते फिरवायला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल जोडले जातात. डावं-उजवं जोडलं जात नाही. त्यासाठी डिफ-लॉक लागतो, नाहीतर नव्या गाड्यांत असतं तसं, फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारं इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या व्हॅनमध्ये दोन्ही नव्हतं. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हळूच अ‍ॅक्सिलरेटर दिला तर मागच्या घट्ट चाकाला थोडा जोर मिळतो, पण हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असेल तरच.

शेजारच्या वाफ्यात चिखल करणारे एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टर दोनच चाकांवर ओढणारा, टायरांना बाहेरून लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाकं लावलेली.

“कशाला घातलासा ओ गाडी हिकडं? मिरगानंतर आमी बैलंबी घालत नाय ह्यातनं.”

दोर बांधून त्यांनी ओढायला सुरुवात केली. ट्रॅक्टरचंही एक चाक जागीच फिरायला लागलं, तसं त्यांनी उजव्या टाचेखालचं एक छोटं पेडल दाबलं. तोच डिफ-लॉक. दोन्ही मागची चाकं एकजीव झाली आणि दोन चाकांच्या ट्रॅक्टरनं चार चाकं ओढणारी गाडी सरळ बाहेर काढली. आपल्याकडच्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या टाचेला जे माहीत आहे, ते गाडीवाल्यांच्या मेसेजमध्ये नाही.

‘रुतली तरी अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका.’ मामा येण्याआधी मी नेमकं हेच केलं होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते. चाक जागच्या जागी फिरलं की ती टायरच्या खाचांत भरते, अर्ध्या मिनिटात खाचांचा टायर गुळगुळीत होतो आणि स्वतःसाठीच विहीर खणायला लागतो. आमची व्हॅन पोटावर टेकली ती खड्ड्यामुळे नाही, माझ्या पायामुळे. व्हॅनची लांबी इथे आणखी नडते: दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर जास्त, त्यामुळे पोट लवकर टेकतं.

चिखलात शिरण्यापूर्वीच लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरची कमी वेगाची गिअर-जोडणी, टाकावी. त्यात चाकाला साधारण दोन ते अडीच पट जोर मिळतो आणि गाडी सावकाश, न दचकता चालते. लो रेंजचा दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्येच थांबणं नाही. चाक फिरायला लागलं आणि गाडी पुढे सरकत नसेल तर पाय काढायचा, आल्या चाकोरीनं मागे यायचं. तेही जमलं नाही तर खाली उतरून फावडं घ्यायचं. चाकापुढचा चिखल उपसून बारदान किंवा फांद्या घातल्या तर जे होतं, ते दहा मिनिटं इंजिन बोंबलवून होत नाही.

‘टायरात हवा टाइट ठेवा.’ बहुतेक ठिकाणी उलटं. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जास्त जमीन धरतो. दरवाजाजवळच्या स्टिकरवर 40 (पीएसआय) लिहिलं असेल तर 25 च्या आसपास आणावी, वेग ताशी 20-30 किलोमीटरच्या आत ठेवावा, आणि डांबर लागताच पंपानं परत भरावी. अजून खाली गेलात तर भरलेल्या व्हॅनचा टायर रिममधून निसटू शकतो. अपवाद खानापूरच्या पश्चिमेकडचा: वर चार बोटं चिखल आणि खाली घट्ट जांभा असेल, तर थोडी टाइट हवा चिखल कापून खालचा दगड धरते. जांभ्याच्या धारदार कडेवर सैल टायरची बाजू फाटतेही. म्हणून आधी उतरून काठी खुपसून बघावं.

‘डांबरावरही फोर बाय फोर टाकून ठेवा.’ दांडीनं टाकायच्या साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा अ‍ॅक्सल घट्ट बांधला जातो. वळताना मात्र पुढची चाकं जास्त अंतर चालतात. 3 मीटर व्हीलबेसची (दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतराची) गाडी 6 मीटर त्रिज्येत यू-टर्न घेते तेव्हा पुढचं चाक मागच्यापेक्षा अडीच मीटर जास्त जातं. चिखलात टायर घसरून हा फरक भरून काढतात. चांगली पकड असलेल्या डांबरावर घसरता येत नाही, मग ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलना जोर पोचवणाऱ्या गिअरपेटीवर, आणि शाफ्टवर येतो. आणि घाटउतारावर फोर बाय फोरचा भरवसा धरू नका: ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, ओल्या रस्त्यावर गाडी थांबवतो तो टायर.

‘व्हॅन जड असते, पाण्यातून बिनधास्त काढा.’ या वाक्यानं माणसं मरतात, म्हणून हिशेबच करू. व्हॅन 5 मीटर लांब, 1.8 मीटर रुंद धरा. पाणी गाडीच्या तळाच्या वर 10 सेंटिमीटर चढलं की ते 900 किलो वजन उचलून धरतं. अडीच टनाच्या गाडीचं एक तृतीयांशाहून जास्त वजन तिथेच गेलं, आणि चाकाची पकड असते ती वजनावर. वर व्हॅनची उंच सपाट बाजू म्हणजे पाण्याला आयतं फळकूटच. फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबायचं. साचलेल्या पाण्यातही हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी गेलं आणि इंजिन बंद पडलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

भीमगड अभयारण्यात घुसून हे प्रयोग करायचं कुणाच्या मनात असेल तर परवानगीशिवाय तिथं शिरणं हाच 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

राहिली साखळी. बंपर पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असतो, तो उपटून येतो. ओढायचं ते चासिसला लावलेल्या हुकानं. आणि साखळी ताणाखाली तुटली की सुटलेला तुकडा काच फोडून आत येतो. मामांनी साखळी नाही, जाड नाडा आणला होता. बांधून झाल्यावर आधी आम्हा तिघांना पलीकडच्या बांधावर नेऊन उभं केलं, नाड्याच्या रेषेपासून लांब, आणि मगच ट्रॅक्टर गिअरात घातला.