अणुपाणबुडीतला जावई चालेल

नौदलातल्या मुलाचं चांगलं स्थळ मावशीने एका व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून नाकारायला घेतलं, म्हणून हा खटाटोप. त्या मेसेजचं म्हणणं असं: अणुपाणबुडीत माणसं अणुभट्टीला टेकून झोपतात, किरणोत्सर्गामुळे त्यांना मुलं होत नाहीत, सिलिंडरमधला ऑक्सिजन संपला की वर यावंच लागतं, तीन-तीन महिने आंघोळ नाही, आणि घराशी संबंध तुटतो.

पहिला मुद्दा सगळ्यात वाह्यात, आणि स्थळं मोडणारा तोच. भट्टी वेगळ्या कप्प्यात असते, शिसं, पोलाद, पाणी आणि पॉलिथिनच्या जाड आवरणाआड. ती चालू असताना त्या कप्प्यात कोणी पाऊल टाकत नाही. आपल्या अरिहंत या अणुपाणबुडीचे आकडे गुप्त, पण अमेरिकी नौदल आपल्या खलाशांच्या डोसिमीटरच्या (अंगावर बाळगायच्या किरणोत्सर्ग-मापकाच्या) नोंदींचा अहवाल नियमित प्रसिद्ध करतं. त्यातून दिसतं ते असं, की पाण्याखाली असताना खलाशाला घरी राहून मिळाला असता त्याहून कमी किरणोत्सर्ग मिळतो. कारण सोपं आहे. जमिनीवर दगडमातीतून आणि आकाशातून थोडे किरण सतत येतच असतात. तिथे मात्र डोक्यावर समुद्र आणि भोवती पोलाद. म्हणजे अंगणात तुळशीला पाणी घालणारी मावशीच जास्त किरण खाते! १९६१ मध्ये सोव्हिएत पाणबुडी के-१९ वर भट्टीचं शीतकरण बंद पडलं आणि दुरुस्तीला गेलेले आठ जण तीन आठवड्यांत दगावले, हे खरं. पण तो अपघात होता, रोजचं जगणं नव्हे.

ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यापासूनच बनवतात. पाणी शुद्ध करायचं, विजेने फोडायचं, हायड्रोजन बाहेर सोडायचा. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी यंत्रं असतात, तरी तो बाहेरच्यापेक्षा बराच जास्त राहतो. वर यायची वेळ आणतो तो संपत आलेला शिधा.

आंघोळ? अंग भिजवा, नळ बंद, साबण, पुन्हा पाणी. झाली. पाण्याची खरी मारामार डिझेल पाणबुडीवर. मेसेजवाल्याने दोन्ही एकत्र कालवल्या आहेत.

घराशी संबंधाचं मात्र, नाइलाजाने, बरंचसं मान्य. ब्रिटिश क्षेपणास्त्रवाहू पाणबुडीवर घरून आठवड्याला १२० शब्दांचा निरोप येतो, उत्तर पाठवता येत नाही, नाहीतर बोटीचा ठावठिकाणा फुटेल. घरात कोणी गेलं तरी ते बहुतेकदा गस्त संपल्यावरच कळतं. मावशीला नकारच द्यायचा असेल तर हे कारण सांगावं. मुलं न होण्याचं नाही.