‘पाण्याच्या टाकीला एसआर लागतच नाही’: या दाव्यात चूक कुठे आहे

टाक्या बांधणाऱ्यांच्या आणि देखभालवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा आशय असा: वेल्डिंगनंतर जोड ठरावीक तापमानाला तापवून आतले ताण काढणे, म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंग, साइटच्या बोलीत एसआर, हे तेलाच्या टाकीचे काम. पाणी पेट घेत नाही, त्यामुळे पाण्याच्या पोलादी टाकीच्या ओपनिंगला (पाइप किंवा दरवाजासाठी पत्र्यात कापलेल्या छिद्राला) एसआर कधीच लागत नाही. हायड्रोटेस्ट, म्हणजे टाकी पाण्याने भरून घेतलेली चाचणी, झाली की वेल्डमधले ताण निघून जातात. आणि इन्स्पेक्टर अडून बसलाच, तर टाकी उभी झाल्यावर बर्नरने जागेवर लाल करून द्या. हे वाचून लोक खरोखर तसे करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पाणी पेट घेत नाही हे खरे, पण एसआरचा आगीशी संबंधच नाही. वेल्ड थंड होताना आकसतो, आजूबाजूचा पत्रा त्याला आकसू देत नाही, आणि ती ओढाताण आत अडकून राहते. त्यावर द्रवाच्या वजनाचा ताण चढतो, आणि पाणी डिझेलपेक्षा जड आहे. 12 मीटर पाणी भरले की तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1.2 किलोचा दाब येतो. तेवढ्याच डिझेलचा साधारण 1 किलो.

एपीआय 650 हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, मूळचे तेलाच्या टाक्यांचे मानक. पण कारखान्यांतल्या अग्निशमनाच्या आणि डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याच्या टाक्याही आपल्याकडे बऱ्याचदा त्यावरच बेततात. एसआर लागेल की नाही हे त्यात पोलादाचा गट, पत्र्याची जाडी आणि ओपनिंगचा प्रकार व आकार यांवर ठरते. साध्या पोलादाच्या गटांत पत्रा 25 मिमीपेक्षा जाड आणि ओपनिंग 12 इंची किंवा मोठे असेल तर एसआर सक्तीचे. जास्त ताकदीच्या गटांत ही मर्यादा 13 मिमीवर येते, आणि तिथे मजबुतीकरण लागणारे प्रत्येक ओपनिंग धरले जाते.

आता आकडे घालून पाहू. 20 मीटर व्यासाची, 12 मीटर उंच टाकी साध्या पोलादात केली, तर सर्वांत खालच्या पट्ट्याला हिशेबाने सात-साडेसात मिमी जाडी पुरते. 40 मीटर व्यास आणि 15 मीटर उंचीला सुमारे 18 मिमी. गंजासाठीची वाढीव जाडी वेगळी. म्हणजे बहुतेक पाण्याच्या टाक्यांच्या साध्या नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) एसआर लागत नाही, आणि प्रत्येक नोझलला ते मागणारा माणूस ग्राहकाचा पैसा वाया घालवतो. इथपर्यंत तो मजकूर बरोबर आहे. पण त्याच 40 मीटरच्या टाकीला जास्त ताकदीचे पोलाद घेऊन पत्रा 15 मिमीवर आणलात, तर 13 मिमीची मर्यादा ओलांडली. पत्रा बारीक झाला आणि एसआर लागू झाले! ड्रॉइंग बदलताना नेमके हेच नजरेतून सुटते.

दुसरे म्हणजे फ्लश क्लीनआउट डोअर. गाळ ओढून काढता यावा म्हणून तळाच्या पातळीला ठेवलेला हा दरवाजा. त्याला जाडीची सवलतच नाही; पत्रा कितीही बारीक असो, पूर्ण जोडणीला एसआर हवेच. कारण उघड आहे. शेल (टाकीची उभी भिंत), तळाचा जाड पत्रा, पॅड (ओपनिंगभोवतीचा मजबुतीचा पत्रा) आणि नेक (ओपनिंगची बाहेर आलेली मान) यांचे वेल्ड एका छोट्या जागेत दाटलेले असतात, आणि टाकी भरली की शेल व तळाचा कोपरा तिथेच वाकतो. गाळ साचतो तो पाण्याच्या टाकीतही. मग ‘कधीच लागत नाही’ हे कुठे टिकते?

हायड्रोटेस्टच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. पहिल्या भरणीत ताण जिथे फार साचलेला असतो तिथे पोलाद किंचित ताणले जाते आणि तो ताण काहीसा उतरतो. पण वेल्डशेजारचा कडक झालेला पट्टा पाण्याने मऊ होत नाही. शिवाय मुळात ठिसूळ जागा असेल तर ती चाचणीतच फुटू शकते. 1952 साली इंग्लंडमधल्या फॉली रिफायनरीत नव्या टाक्या फुटल्या त्या तेलाने नव्हे, हायड्रोटेस्टच्या पाण्याने भरताना. त्या फुटण्याचे कारण एसआर न करणे हे नव्हते, पण पाणी भरणे म्हणजे निर्धोक उपचार नव्हे एवढे त्यावरून दिसते.

सर्वांत घातक सल्ला बर्नरचा. एसआर म्हणजे 600 ते 650 अंश सेल्सिअस, दर 25 मिमी जाडीला एक तास, तापवणे आणि थंड करणे दोन्ही सावकाश. उभ्या टाकीत एकच ठिकाण लाल केले की भोवतालचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही. तापलेला भाग दबतो आणि निवताना पुन्हा ओढतो. वाकलेले पत्रे सरळ करायला फिटर हीच युक्ती वापरतात. म्हणजे ताण काढायला गेलात आणि नवा भरून आलात. बारीक शेल तिथे पोचा येऊन बसते ते वेगळेच. रंगावरून तापमानाचा अंदाज बांधणेही धोक्याचे: 720 अंशांच्या पुढे गेले की पोलादाची आतली रचनाच बदलू लागते.

स्टेनलेस टाकीला तर हे मुळीच करू नका. 304 जातीच्या स्टेनलेसला याच तापमानात धरून ठेवले की क्रोमियमचे कार्बाइड कणांच्या सीमांवर जमते आणि नेमका तिथेच गंज धरतो. एपीआय 650 मध्येही अशा पोलादाला हा नियम लागू नाही.

योग्य रीत म्हणजे शेलच्या पत्र्यात किंवा इन्सर्ट प्लेटमध्ये (शेलमध्ये बसवायच्या वेगळ्या तुकड्यात) नेक आणि पॅड शॉपमध्येच वेल्ड करायचे, पॅडचे 6 मिमीचे छिद्र उघडे ठेवून पूर्ण जोडणी भट्टीत घालायची, आणि मगच ती शेलमध्ये बसवायची. छिद्र बुजलेले असेल तर पॅडखाली अडकलेली हवा आणि ओल भट्टीत दाब धरते. भट्टीतून आल्यावर वेल्ड नुसते डोळ्यांनी पाहून चालणार नाही. एमपी (चुंबकीय कणांची) किंवा डीपी (रंगद्रवाची) तडा-तपासणी करून घ्या, आणि तेही हायड्रोटेस्टच्या आधी. ठेकेदाराकडून शिक्का मारलेले पत्र घेऊ नका, थर्मोकपलचा (भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या तारेचा) तापमान-वेळ आलेख मागा. त्यावर त्या जोडणीचा क्रमांक आहे का ते तपासा आणि तोच क्रमांक पत्र्यावर पंच केलेला पाहा.