ॲप डिलीट मारा आणि बिनधास्त राहा

फोनवर 'स्टोरेज फुल' आलं की अजिबात विचार करू नका. हाताला लागेल ते ॲप डिलीट मारा. बँकेचं, आधारचं, गॅसचं, जे महिन्यातून एकदाच लागतं ते सगळ्यात आधी. ऐंशी एमबीचं ॲप गेलं की कसं मोकळं मोकळं वाटतं! व्हॉट्सॲपमध्ये साठलेल्या दहा-बारा जीबी सुप्रभातांना मात्र हात लावू नका. घर लहान पडतं म्हणून देव्हारा बाहेर काढायचा आणि माळ्यावरची रद्दी जपायची, ही आपली जुनी रीत आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडलं, तर पाच एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड होत आलेल्या फाइल वेगळ्या काढून दाखवतात. पण तिकडे गेलं तर सगळा प्रश्न पाच मिनिटांत सुटेल, आणि मग मजा काय राहिली?

ॲप खरंच गेलंय का, हे तपासू नका. पहिल्या पानावरचं चित्र दिसेना म्हणजे ॲप मेलं, असं धरून चाला. प्ले स्टोअरमध्ये त्याच्यापुढे 'इन्स्टॉल'ऐवजी 'ओपन' लिहिलेलं असेल, तर ते फोनमध्येच आहे, फक्त चित्र हललंय. आयफोनवर शेवटच्या पानाच्याही पुढे, ॲप लायब्ररीत, बसलेलं असतं. पण आपण 'गेलं हो गेलं' करून आधी भाच्याला फोन लावावा.

परत टाकताना नाव टाइप करून शोधा आणि सगळ्यात वर जे येईल ते दाबा. वर बऱ्याचदा जाहिरात असते, खाली बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव असतं, असल्या बारकाव्यांत शिकल्यासवरल्या माणसाने पडू नये. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर दाबून 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस', मग 'मॅनेज', मग 'इन्स्टॉल्ड'वर दाबून 'नॉट इन्स्टॉल्ड' निवडलं की त्या खात्यावरून पूर्वी घेतलेल्या ॲपची यादीच येते. हवी ती टिक करा, बाण दाबा, झालं. एवढं सोपं असेल हे कोणाला पटणार?

जुन्या आयपॅडवर 'नवी आयओएस हवी' असं आलं की आयपॅड भंगारात काढा. ॲप स्टोअरमध्ये आपल्या खात्यातल्या जुन्या खरेदीच्या यादीतून तेच ॲप घेतलं, तर त्या आयपॅडला चालणारी शेवटची आवृत्ती बऱ्याचदा मिळते, हे दुकानदार तुम्हाला का सांगेल?

पासवर्ड आठवत नसेल तर सरळ नवा जीमेल काढा. पैसे देऊन घेतलेली ॲप आणि सगळे बॅकअप जुन्या जीमेलवरच राहतील, म्हणजे सुरक्षितच की!

ॲप काढलं की सबस्क्रिप्शन आपोआप बंद होतं, असं समजून दर महिन्याला पैसे भरत राहा.

यूपीआयचं ॲप काढताना यूपीआय लाइटमधली, म्हणजे पिनशिवाय किरकोळ खर्चासाठी बाजूला काढलेली, शिल्लक आधी खात्यात परत घेऊ नका. परत टाकताना बँकेला जोडलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये ठेवा, किंवा रिचार्ज संपवून ठेवा. त्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जावा लागतो, त्यावरूनच बँक फोन ओळखते. दोन सिम असतील तर चुकीचं निवडा आणि 'व्हेरिफिकेशन फेल्ड' आलं की बँकेला शिव्या घाला. मग जुना पिन चालत असतानाही नवा करायला घ्या आणि डेबिट कार्ड शोधत कपाट उपसा.

आता मुख्य विषय. व्हॉट्सॲप. परवाच एका घरातलं काही वर्षांचं बोलणं, गेलेल्या माणसाच्या आवाजासकट, असं उडालं. ही पद्धत तुम्हीही शिकून घ्या. ॲप काढण्याआधी बॅकअपची तारीख बघायची नाही. गुगलची फुकटची १५ जीबी भरली असेल तर बॅकअप कधीच थांबलेला असतो, कारण २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो. जीमेल, फोटो आणि हा, तिघे एकाच खोलीत. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो विसरायचा. पासवर्डऐवजी ६४ अंकी किल्ली घेतली असेल तर तिचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवायचा. मग ॲप परत टाकायचं, नंबर घालायचा, आणि पडद्यावर 'रिस्टोअर' आणि 'स्किप' असे दोन पर्याय आले की घाईघाईने 'स्किप'. का? तर लवकर उघडावं म्हणून! ग्रुपवर काय चाललंय ते बघायचं असतं! बरं, इथपर्यंतही वाचवता येतं. लगेच ॲप काढून परत टाकलं, तोच नंबर आणि तेच गुगल खातं ठेवलं, तर तो प्रश्न पुन्हा विचारला जातो. पण नाही. आपण तसंच वापरत राहतो, बॅकअप 'डेली'वर ठेवतो, आणि रात्री हे रिकामं व्हॉट्सॲप जुन्या बॅकअपच्या जागी जाऊन बसतं. सकाळी आम्हाला फोन. "मी काहीच केलं नाही, आपोआप गेलं." आपोआप काही जात नाही हो! दोन बटणं होती, तुम्ही एक दाबलंत!

आणि एखादं ॲप प्ले स्टोअरमध्ये मिळेना म्हणून कोणीतरी पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये घुसणारं ॲप. "लग्नपत्रिका", "आरटीओ चलान", "बँक केवायसी अपडेट". लग्नाच्या पत्रिकेला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी, हा प्रश्न पडत नाही? फोन धोक्याचा इशारा देतो तो बंद करता, 'अलाउ', 'अलाउ', 'अलाउ' करत जाता, ओटीपी त्यांच्या हातात देता, आणि खातं रिकामं झाल्यावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोन लावायचं सोडून आधी बायकोवर ओरडता.

पुरे झालं. भाजी घेताना एकेक टोमॅटो दाबून बघता, आणि पडद्यावरच्या दोन ओळी वाचायला तुम्हाला जड जातं? इंग्रजी येत नाही म्हणाल, तर फोनची भाषा मराठी करता येते, ती का करत नाही? आम्हाला हे काम येतं म्हणून आम्ही तुमचे चोवीस तासांचे नोकर नाही, आणि पुसलं गेलेलं परत आणायची जादूही आमच्याकडे नाही.

आत्ता उघडा व्हॉट्सॲप. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तारीख काय दिसतेय? मागच्या दिवाळीची असेल तर आधी गुगलमध्ये जागा करा, वायफायला लावा आणि 'बॅक अप' दाबा. फाइल मॅनेजरमधून अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप असं आत जाऊन 'डेटाबेसेस' फोल्डर कॉम्प्युटरवर काढून ठेवा. तोवर एकही ॲप काढायचं नाही. आणि रात्री दहानंतर फोन तर अजिबात करायचा नाही.