नजर अधू झाली की कॉम्प्युटर सोडा म्हणे! कशाला?

नजर कमी होत चाललेल्यांसाठी 'मोलाचा सल्ला' म्हणून एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं की नजर उतरायला लागली की कॉम्प्युटरला हात लावू नका, स्क्रीन उरलेली नजरही खाऊन टाकते. लावायचाच असेल तर ब्लू-कट (निळा उजेड अडवणारा) चष्मा घाला, डार्क मोड (काळ्यावर पांढरी अक्षरं) ठेवा, मोठ्ठा मॉनिटर घ्या, स्क्रीनच्या जवळ जाऊ नका. आणि ते बोलणारं सॉफ्टवेअर वगैरे पूर्ण अंध लोकांसाठी असतं, महागडं असतं, वय झाल्यावर जमत नाही. मला हा काळजीपोटी बऱ्याच जणांनी पाठवलाय. माझा मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा बरोब्बर मधला भाग, बिघडलेला आहे आणि माझं सगळं काम कॉम्प्युटरवरच चालतं, तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते.

स्क्रीनने नजर संपते हे पहिलं. नाही हो संपत. नजर म्हणजे काय टाकीतलं पाणी आहे का, वापरलं की कमी व्हायला? नजर जाते ती मोतीबिंदूने, काचबिंदूने, डायबेटिसमुळे पडद्यावर होणाऱ्या परिणामांनी, मॅक्युला झिजल्याने, आणि यातलं काहीही ईमेल वाचल्याने वाढत नाही. स्क्रीनसमोर डोळे दुखतात, चुरचुरतात, धूसर होतात हे मात्र अगदी खरं, पण त्याचं कारण वेगळंय. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे टक लावून बसलो की ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं, मग डोळे कोरडे पडतात. त्यावर उपाय म्हणजे मुद्दाम पापण्या मिटायच्या, अधूनमधून लांब बघायचं, मॉनिटर नजरेच्या किंचित खाली ठेवायचा म्हणजे डोळे कमी उघडे राहतात, आणि पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर घ्यायचा नाही. बास.

ब्लू-कट चष्म्याबद्दल फार लिहीत नाही. २०२३ साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि स्क्रीनमुळे येणारा ताण या काचांनी कमी होतो असं काही त्यांना दिसलं नाही. स्क्रीनचा निळा उजेड दिवसाच्या साध्या उजेडापुढे अगदीच किरकोळ असतो. पैसे घालवायचेच असतील तर कॉम्प्युटरच्या अंतराचा नंबर काढून वेगळा चष्मा करून घ्या. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (एकाच काचेत लांबचा, मधला, जवळचा नंबर असतो तो) मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो, तो पकडायला आपण हनुवटी वर करून बसतो आणि मग मान धरली की दोष कॉम्प्युटरला!

आता डार्क मोड आणि मोठा मॉनिटर. इथे मला खरा राग येतो, कारण नजर 'कशी' गेलीय हे न विचारताच सगळ्यांना एकच गोळी दिलीय.

माझं आणि माझ्या आत्याचं उदाहरण घ्या. मला समोर बघितलं की मध्ये डाग, कडेचं नीट दिसतं. म्हणून मी नजर जराशी बाजूला सरकवून कडेने वाचते, पण पडद्याचा कडेचा भाग बारीक वाचायला बनलेलाच नाही, त्याला अक्षर मोठंच लागतं, त्यामुळे ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि प्लस दाबत दाबत ३०० टक्क्यांपर्यंत गेले की माझं काम सुरू. आत्याला काचबिंदू. तिचं उलटं, मधलं शाबूत आणि कडा गेलेल्या, नळीतून बघावं तसं. घरातल्या उत्साही मंडळींनी तिला भलामोठा मॉनिटर आणून दिला आणि अक्षरं हाताएवढी केली, आणि तिला एका वेळी दीड शब्द दिसायला लागला, ओळ संपून पुढची ओळ कुठे सुरू होते ते शोधण्यातच सगळा वेळ. तिच्यासाठी काय चाललं तर मध्यम मॉनिटर, अक्षर वाचता येईल इतपतच, जास्त नाही, ब्राउझरची खिडकी अरुंद करून ओळी आखूड, आणि माऊसचा बाण मोठा नि भडक रंगाचा. विंडोजमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बाणाचा आकार आणि रंग दोन्ही बदलता येतात, बाण हरवणे हा अधू नजरेतला सगळ्यात कंटाळवाणा त्रास आहे आणि फॉरवर्डवाल्याला तो माहीतही नाही.

आणि मोठा मॉनिटर म्हणजे मोठं अक्षर असं नसतंच मुळी. फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचा मॉनिटर घेऊन स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दिसावं ते) १०० टक्क्यांवर ठेवलं तर अक्षर आधीपेक्षा बारीक दिसू शकतं. मग कोणीतरी येऊन रिझोल्यूशन (ठिपक्यांची संख्या) कमी करून देतं, अक्षर मोठं होतं पण कडा पिसकटतात, ते करू नका. रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचं आहे तेच ठेवायचं आणि डिस्प्ले सेटिंगमधून स्केल वाढवायचं. फक्त अक्षरंच वाढवायची असतील तर टेक्स्ट साइझ वेगळी आहे, विंडोजमध्ये ती २२५ टक्क्यांपर्यंत जाते. क्षणभरच काही बघायचं असेल तर विंडोज बटण आणि प्लस, भिंग उघडतं, विंडोज आणि एस्केपने बंद.

डार्क मोडचंही तसंच. ज्यांच्या डोळ्यातली भिंगं गढूळ झालीत, म्हणजे मोतीबिंदूवाले, त्यांना पांढऱ्या स्क्रीनचा उजेड डोळ्यात पसरतो आणि अक्षरं धुवून निघतात, त्यांना काळ्यावर पांढरं खरंच बरं पडतं, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच हे मोजून दाखवलंय. पण ज्यांना ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे चष्म्यात सिलिंडरचा नंबर, आहे त्यातल्या बऱ्याच जणांना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी, भोवती वलय असल्यासारखी दिसतात, अंधारात बाहुली मोठी होते ना म्हणून. त्यात देवनागरी! अनुस्वार, रफार, मात्रा हे सगळं शिरोरेषेच्या वर इवलंसं बसलेलं, ते वलयात विरघळलं की 'मंद' आणि 'मद' एकच, आणि घ-ध, भ-म ओळखायचे अंदाजाने. अक्षर जाड केलं तर बरं वाटेल असं वाटतं पण फार जाड केलं की पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. मी मध्यम जाडी, ओळींत भरपूर अंतर आणि फिकट पिवळसर पार्श्वभूमी ठेवते. तुम्हाला काय जमतं ते लावून बघा, परत बदलता येतं, काही बिघडत नाही.

जवळून बघू नका म्हणे. का नको? वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत जवळच्या कामाचा आणि वाढत्या मायनस नंबरचा संबंध लावला जातो, तो विषय वेगळा. मोठ्या माणसाचे डोळे जवळून बघितल्याने खराब होत नाहीत, उलट ६० सेंटिमीटरवरून ३० वर आलात की तेच अक्षर दुप्पट मोठं दिसतं, एक पैसा न घालवता. फक्त त्या अंतराला चालेल असा चष्मा हवा, आणि मॉनिटर हलत्या दांड्यावर लावून तोच पुढे ओढायचा, आपण वाकायचं नाही.

राहिलं बोलणारं सॉफ्टवेअर. पूर्ण अंधांसाठीच असतं हे साफ चूक. मी दिसत असतानाही वापरते, मोठं काही असेल तर ऐकते आणि नेमका आकडा किंवा नाव बघायचं असेल तेव्हाच डोळे लावते. महागडं? जॉज नावाचं असं सॉफ्टवेअर महाग आहे, मान्य. पण तेच काम करणारं एनव्हीडीए फुकट आहे, मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन मुलाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं ते याच कारणाने, की अंध माणसाला कॉम्प्युटर वापरायला जास्तीचे पैसे का पडावेत. मराठीही बोलतं, आवाज सुरुवातीला यंत्रासारखा वाटतो, मग कान सरावतात. विंडोजमध्ये नॅरेटर आधीपासूनच असतो, विंडोज-कंट्रोल-एंटर, आणि मॅकवर व्हॉइसओव्हर, कमांड-एफ-५. वय झाल्यावर जमत नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की सुरुवातीला सगळे शॉर्टकट लागतच नाहीत. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की वाचायला लागतं, कंट्रोल दाबलं की गप्प बसतं, आत्याने एवढ्यावर सुरुवात केली.

अडचणी आहेत, नाही असं नाही, फक्त त्या फॉरवर्डमध्ये नाहीत. जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या मराठी फाँटमधली फाइल आली की स्क्रीन रीडर, म्हणजे हेच बोलणारं सॉफ्टवेअर, इंग्रजी अक्षरांचा काहीतरी काला वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, ती आधी गूगल डॉक्समध्ये उघडून अक्षरांत बदलून घ्यावी लागते. आणि हो, तो फॉरवर्डसुद्धा गुलाबीवर पिवळ्या अक्षरांतला फोटोच आहे, ज्यांच्यासाठी लिहिलाय त्यांना तो वाचता येत नाही!

एक गोष्ट मात्र त्यात असायलाच हवी होती. एकाएकी नजर धूसर झाली, सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके नि चमका आल्या किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर सेटिंग बदलत बसायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असेल तर तिथे तासांचा हिशेब असतो.