फणसाखाली काही जगत नाही

आमच्या फोंड्याच्या घरामागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक पट्टा आहे, तो बनवताना देवाने बहुतेक कंटाळा केला. वर फणस, म्हणजे ऊन नाही. खाली जांभा, म्हणजे कुदळ मारली की ठण्ण आवाज येतो आणि कुदळवाला आपल्याकडेच रागाने बघतो. आणि मधोमध कौलांच्या पागोळ्यांनी पाडलेले खड्डे, ओळीने. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्मा आमच्या मागच्या कौलांवरूनच उतरतो असा माझा दाट संशय आहे. तो खाली आपटतो, तांबडी माती उडते आणि पांढऱ्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लाल पायजमा चढतो. चवथीच्या आधी रंग काढायचा आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत तो परत लाल झालेला बघायचा, हा आमचा कुळाचार.

माती झाकणारं, बारा महिने हिरवं आणि लाड न मागणारं काहीतरी लावायचं ठरलं. 'लॉन लावा' म्हणणाऱ्यांना मी हात जोडते, लॉनला ऊन लागतं, सावलीत ते आधी पिवळं, मग विरळ आणि शेवटी शेवाळ होतं. (शेवाळ मात्र फुकट येतं, आणि त्यावरून नवरा घसरला की लॉनचा विषय काही दिवस बंद राहतो.)

शेजारच्या वयनीने वेडेलिया देऊ केला, तो पिवळ्या फुलांचा, रस्त्याच्या डिव्हायडरवर असतो तो. म्हणाली, अगो, नुसती कांडी टाक, लागतो! तेच तर भय. जमिनीला टेकलेल्या पेरापेराला मुळं फुटतात, उपटताना एक तुकडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून, आणि जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या प्रजातींची जी यादी आययूसीएनवाल्यांनी (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था) केलीय त्यात या साहेबांचं नाव आहे. असला पाहुणा मी मागच्या दाराने घेणार नाही म्हटलं. वयनी रुसली. तिच्या कुंपणाखालून तो हल्ली स्वतःच आमच्याकडे यायला लागलाय ते वेगळं.

मग नर्सरीवाल्याने मोंडो ग्रास गळ्यात मारलं. 'मॅडम, एकदम हार्डी, मरायचं नावच नाही.' नाव ग्रास पण हे गवत नव्हेच, शतावरीच्या कुळातलं, मूळ जपान-चीनकडचं. वीतभर गडद हिरवी बारीक पात, मुळांना शेंगदाण्याएवढ्या गाठी, त्यात पाणी साठवून ठेवतं म्हणून उन्हाळा काढतं. पहारीने जांभा फोडून, शेणखत घालून, अर्ध्या वितीवर एकेक ठोंब लावला, कमरेने महिनाभर असहकार पुकारला. आणि नर्सरीवाला खोटं बोलला नव्हता, ते मरत नाही. फक्त वाढतही नाही. रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन जायची आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो.

सासूबाई एक दिवस येऊन उभ्या राहिल्या.

'खायला येतं?'

'नाही, आई.'

'देवाला चालतं?'

'नाही.'

'बरं, माटोळीला तरी बांधता येतं?'

तेही नाही. (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात तो मांडव.) मग जागा फुकट जायला नको म्हणून त्यांनी मधेच हळद पुरली, पातोळ्यांना पानं लागतात ना. हळद अर्थातच तरारून आली, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण 'वा, हळद काय झालीय' म्हणायला लागला.

उरलेल्यांचं एकच म्हणणं, जनावर, म्हणजे साप, बसेल हां तिथे! अहो, गोव्यातली जनावरं माझ्या मोंडोची वाट बघत थांबलीत का? चिऱ्यांच्या गडग्यात एवढ्या फटी आहेत की त्यांना थ्री बेडरूम किचन मिळतं.

जूनमध्ये फणसाने परीक्षा घेतली. आमचा रसाळ, कोणी खाऊन संपवत नाही, तो वरूनच पिकून धप्पकन येतो. बरोबर मोंडोवर. गरे, चारखंड, मुंग्या, माशा, मग त्या वासावर शेजारची गाय कुंपण ढकलून आत. आठवड्याने सगळं झाडलं तर खालची पात चपटी पण हिरवीच, आणि भिंतीवरचा पायजमा घोट्यापर्यंत उतरलेला. मी सगळ्यांना बोलावून भिंत दाखवली. आईंनी हळद बघितली.

आणि मग चवथीच्या आधी गवत मारायला मशीनवाला आला. मी पणजीला गेलेली. त्याला कोणीतरी 'मागचं पण साफ कर' म्हणून सांगितलं, कोणी ते अजून कबूल होत नाहीये. आले तर मोंडो केस कापल्यासारखं मुळापाशी सपाट, हळद मात्र जशीच्या तशी, कारण ती त्याला ओळखू आली.

मी काही बोलणार इतक्यात त्यानेच तोंड उघडलं, म्हणाला, मागच्या पट्ट्याचे दोनशे वेगळे द्यावे लागतील, ते गवत भारी चिवट आहे, माझी तार सारखी तुटत होती.