उणे दहा अंश, बोरिवली (पश्चिम)

मुंबईत पाम विकत घेणाऱ्याने विचारू नये असा एकच प्रश्न आहे, आणि बरोबर तोच आधी विचारला जातो: "काकू, हा थंडी सोसेल ना?" विचारणाऱ्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट असतो, महिना डिसेंबरचा असतो आणि कपाळावर घाम असतो.

सांताक्रूझच्या वेधशाळेने नोंदवलेलं मुंबईचं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तारीख २२ जानेवारी १९६२. त्याच दिवशी कुलाब्यात ११.७. फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात साधारण सात-आठच असतं. म्हणजे नोंदींच्या इतिहासात मुंबईच्या पामांवर आलेलं सर्वांत भयंकर संकट कोथिंबीर रोज सोसते, आणि पाम विचारायचा तर सोसतो का!

तरीही पारा १८ वर आला की सोसायटीत माकडटोप्या निघतात, वेण्णा तलावाकाठच्या गोठलेल्या दवबिंदूंचे फोटो ग्रुपवर फिरतात आणि कुंड्यांना चादरी गुंडाळल्या जातात. बोरिवली-गोरेगावकडचे तर राष्ट्रीय उद्यान आणि आरे शेजारी असल्याने स्वतःला अर्धे हिमाचली समजतात. तिकडे कुलाब्यापेक्षा दोन-चार अंश कमी असतात हे खरं. पण चादरीखाली झाकलेल्या अरेका पामाला थंडी वाजत नसते, अंधार होत असतो.

ही भीती ओळखून बाजाराने औषध काढलंय. 'हायब्रिड, उणे १० अंशांपर्यंत टिकतो' अशी पट्टी लावलेलं, दोन फुटांचं, शेजारच्या साध्या रोपासारखंच दिसणारं रोप चौपट भावात. पट्टी सगळीच खोटी असते असं नाही. ती कुठल्या गावाची आहे, हे मात्र बघावं.

थंडी सोसणारे संकरित पाम खरोखर आहेत आणि त्यांच्यामागे माणसांनी चिकाटीने केलेलं काम आहे. त्यातला सगळ्यांत गाजलेला म्हणजे म्यूल पाम. आई ब्युटिया, दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडची, निळसर कमानदार पानांची, उणे १० च्या आसपासही तग धरणारी. बाप क्वीन पाम, उंच, पिसांसारख्या पानांचा, देखणा, पण उणे ४ ला हात टेकणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नॅबोनँड नावाच्या बागवानाने यांचं लग्न लावलं, म्हणून शास्त्रीय नावात अजून नॅबोनँडी आहे. मुलाला रूप बापाचं आणि काटकपणा बराचसा आईचा मिळाला. बी बहुतेक वेळा वांझ, म्हणून म्यूल, म्हणजे खेचर.

बी वांझ असल्याने प्रत्येक रोप नव्याने घडवावं लागतं. ब्युटियाच्या तुऱ्यावर नर आणि मादी दोन्ही फुलं असतात, बहुतेक मादी फुलांच्या दोन्ही बाजूंना एकेक नरफूल. ही सगळी नरफुलं उमलायच्या आत शिडीवर उभं राहून हाताने खुडायची, तुऱ्याला पिशवी बांधायची, क्वीन पामचा पराग वाळवून फ्रीझरमध्ये ठेवलेला असतो तो मादी फुलं चिकट झाल्यावर ब्रशने लावायचा. एवढं करूनही दोन-चार नरफुलं नजरेतून सुटतात आणि काही बिया शुद्ध ब्युटियाच्या निघतात. रोपं वेगळी काढायची तर पानांवरून, आणि तीही थोडी मोठी झाल्यावर. किंमत का जास्त असते ते यावरून कळेल. ती आपण का द्यायची, हे मात्र नाही कळणार.

संकराच्या नावात आई आधी लिहितात. हे आमच्या नारळवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. वेस्ट कोस्ट टॉल हा उंच नारळ आई आणि चावघाट ऑरेंज हा ठेंगू नारळ बाप असेल तर केरासंकरा, उलट असेल तर चंद्रसंकरा. उंच-ठेंगू संकराचा पहिला प्रयोग केरळात निलेश्वरला १९३२ साली झाला. आणि चंद्रसंकराची रोपं निवडायची खूण किती सोपी: देठ नारिंगी असेल तर ते आईचंच स्वपरागित मूल, तपकिरी-हिरवट असेल तर संकर. आपला कोकणी माणूस रोप घेताना देठ बघतो आणि "नारळ कधी धरणार?" विचारतो. गॅलरीवाला मुंबईकर पट्टी वाचतो आणि "उणे किती?" विचारतो. दोघांपैकी शहाणा कोण, हे सांगायची गरज नाही.

आता त्या उणे दहाकडे वळू. हा आकडा जमिनीत लावलेल्या, खोड धरलेल्या, कोरड्या हवेतल्या मोठ्या झाडाचा असतो. थंडी चार-दोन तासांची आणि दुसऱ्या दिवशी ऊन, असं गृहीत धरलेलं असतं. पानं टिकतात एका तापमानाला, खोड दुसऱ्या आणि मधला कोंब तिसऱ्या. विकणारा या तिघांतला जो आकडा सर्वांत शूर असेल तो छापतो. 'टिकतो' म्हणजे 'मरत नाही', 'चांगला दिसतो' असं नव्हे. कुंडीत तर मुळांना चारही बाजूंनी हवा लागते, त्यामुळे तेच झाड जमिनीपेक्षा बरंच आधी गारठतं. लहान रोप मोठ्या झाडाहून नाजूक. शिवाय पामाला वाढीचा कोंब सहसा एकच असतो. आंब्याची फांदी जळली तर खालून फुटतो. एकखोडी पामाचा कोंब कुजला की पानं हिरवी दिसत राहतात आणि झाड कधीच गेलेलं असतं.

मुंबईत हा आकडा निरुपयोगी आहे असं म्हणून मी थांबले असते. पण तो बऱ्याचदा उलटा पडतो. थंडीचे पैलवान इथल्या उकाड्यात आडवे होतात. ट्रॅकिकार्पस नावाचे थंड डोंगरांतले पाम घ्या. त्यातला टाकिल तर अस्सल भारतीय, कुमाऊँत पिथोरागडजवळ बर्फ पडतं तिथला. त्याला दिवसाचं ऊन चालतं, रात्र गार लागते. मे महिन्यात मुंबईची रात्र २७-२८ अंशांखाली उतरत नाही. रात्रभर श्वसन जोरात चालू राहतं, दिवसा कमावलेली साखर रात्रीच संपते, त्यात जूनपासून माती ओली आणि कोमट, म्हणजे मुळांवरच्या बुरशीला आवतण. चिलीचा हुबिया पाम याच कारणाने दमट प्रदेशात रडतो. त्याचा ब्युटियाशी संकर करतात तो थंडीसाठी कमी आणि दमटपणा सोसावा म्हणून जास्त. मुंबईकराने पट्टीवर शोधायचीच तर ही दुसरी गोष्ट शोधावी. ती कुणी छापत नाही.

म्यूल पाम इथे बहुधा जगेलही. पण मोठेपणी त्याचं एकेक पान सात ते दहा फुटांचं होतं आणि झाड तीस फुटांवर जातं. आपली गॅलरी चार फुटांची. पहिलं पान कपड्यांच्या दोरीत, दुसरं शेजाऱ्यांच्या खिडकीत आणि तिसरं सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर. तळमजल्याला जमीन असेल आणि संकराची हौसच असेल तर फॉक्सटेल आणि वेइचिया या पामांचा संकर बघावा, फॉक्सी लेडी नावाने मिळतो. दोन्ही आईबाप उष्ण प्रदेशातले, थंडीत दोघेही नालायक, म्हणजेच आपल्या कामाचे. गॅलरीसाठी राफिस पाम. सावलीत राहतो, हळू वाढतो, आणि गंमत म्हणजे उणे ५ च्या आसपासची थंडीही सोसतो, पण त्याची जाहिरात करत नाही.

आणि शिंदी! पालघर-डहाणूकडे रस्त्याकडेला उभी असते, तिची नीरा लोक पितात, उणे ७-८ अंशही ती झेलते आणि मुंबईचा पावसाळाही. परदेशात तिला चांगले पैसे मोजून लावतात. आपण तिला झाड मानत नाही, कारण पट्टी नाही. शिवाय शिंदी ज्या फिनिक्स प्रजातीतली, तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि शेजारच्या भाईबंदांशी त्यांची सहज सोयरीक होते. बागेतल्या फिनिक्सचं बी रुजवलं तर न मागता संकर हाती येण्याची बरीच शक्यता असते, फुकट. पानाच्या बुडाशी काटे असतात, तेवढे लहान मुलांपासून लांब ठेवा.

मुंबईतली खरी थंडी भिंतीवर टांगलेली असते. दिवाणखान्यात १८ वर लावलेला एसी. अरेका मादागास्करचा, त्याला १० अंशांखाली त्रास होतो, १८ ला नाही. त्याला मारतो तो कोरडा झोत. झोताच्या रेषेतून कुंडी पाच-सहा फूट बाजूला सरकवा. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी धरतो: आधी बारीक फिकट ठिपके, मग जाळी. आठवड्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन पानांची मागची बाजू शॉवरने धुणं हा औषधाहून खात्रीचा उपाय. गॅलरीतली कुंडी एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर ठेवणाऱ्यांविषयी मी बोलत नाही. तिथे निवडुंगही राजीनामा देईल.

पावसाळ्याचं गणित वेगळं. नर्सरीतली निव्वळ लाल माती जूनमध्ये विटेसारखी बसते. दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर नीमपेंड, एवढं पुरे. चौदा इंची कुंडी भिजली की ३५-४० किलोंची होते, म्हणून ती भिंतीकडे ठेवा, कठड्याकडे नको. खालच्या ताटल्या मेअखेर काढून टाका. मुळं कुजतात हे एक, आणि महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत आली की ताटलीच आधी उचलून बघतात. कुंडी बदलताना मुळांचा गोळा मोडू नका, मुळं छाटू नका. आणि खोड आधी होतं तेवढंच मातीवर ठेवा. आधाराला म्हणून दोन इंच खोल पुरलेला पाम महिनोन्महिने कुढतो.

आता पिवळ्या पानांचं दुखणं. डिसेंबरात खालची पानं पिवळी दिसली की "गारठलं" असं निदान होतं. पोटॅशची कमतरता असते ती. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके, टोकं करपलेली. पानाचा मधला भाग हिरवा आणि कडेला रुंद पिवळा पट्टा असेल तर मॅग्नेशियम. सगळीकडे मिळणारं १९:१९:१९ खत पामाला जमत नाही, त्यात स्फुरद (फॉस्फरस) नको तितका. त्याऐवजी थोड्या शेणखताबरोबर ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा चहाचा चमचाभर सल्फेट ऑफ पोटॅश कुंडीच्या कडेने, आणि दोन महिन्यांतून एकदा लिटरला चमचाभर एप्सम सॉल्ट. टोकं तपकिरी होत असतील तर मातीत क्षार साठलेत: कुंडीच्या मापाच्या तिप्पट पाणी एकदा सावकाश ओतून वाहून जाऊ द्या. आणि पिवळं पान कापू नका. झाड त्यातून पोटॅश ओढून नव्या पानाला देत असतं. तुम्ही ते कापलंत की ते वरच्या पानातून ओढणार. पूर्ण वाळलेलं तेवढंच काढा. हे ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटायचाय. हातात कात्री आली की मुंबईकर केशकर्तनालयात असल्यासारखा वागतो.

आता थंडीच्या आकड्याला खरोखर अर्थ आहे अशी माणसं. मुंबईत रुजवलेले पाम लोक नाशिकच्या मामांना आणि महाबळेश्वरच्या बंगल्याला पाठवतात. रुजवायला मुंबईसारखी जागा नाही. पामाच्या बीला ३० ते ३५ अंश लागतात, त्यासाठी लंडनमधली माणसं वीज जाळतात, आपल्याकडे एप्रिलमधला माळा आहे. बी दोन दिवस रोज पाणी बदलून भिजवा, गर काढा (हातमोजे घाला, काही पामांच्या गराने खाज सुटते), ओलसर कोकोपीटसह पिशवीत बंद करा आणि माळ्यावर विसरा.

निफाडकडे पारा पाचाखाली जातो, आणि मुंबईच्या वाफेत वाढलेलं कोवळं रोप डिसेंबरात तिथे उतरवणं म्हणजे छळ. फेब्रुवारीअखेर पाठवा, म्हणजे उन्हाळा-पावसाळा मिळून ते तिथल्या हवेला सरावतं. पानं वर उचलून सुती पट्टीने सैल बांधा, गोळा ओला ठेवा, कुंडी आडवी नको. मामांना चार गोष्टी कागदावर लिहून द्या, फोनवर सांगितलेलं त्यांना आठवत नाही. सप्टेंबरनंतर युरिया नको, पोटॅश द्या. कडाक्याच्या रात्री संध्याकाळी गोणपाटाने झाका आणि सकाळी काढा. पानाला चिकटेल असं प्लॅस्टिक नको. पानं करपली तरी थंडी सरेपर्यंत कापू नका, कोंबाला तेवढंच पांघरूण. फेब्रुवारीत मधला सुरळीचा कोंब हलकेच ओढून बघा. हातात आला तर आत कुज आहे: खड्डा स्वच्छ करा, लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घालून ते पाणी शेंड्यात ओता, दहा दिवसांनी पुन्हा एकदा, त्याहून जास्त वेळा नको. मग गप्प बसा. नवं पान आलं तर पावसाळ्याच्या तोंडावर येईल.

मामा तोवर थांबत नाहीत. ते मार्चमध्येच "मेलं" असं कळवतात, त्याच कुंडीत तुळस लावतात आणि पुढच्या खेपेला आणखी काटक, उणे १५ वाला घेऊन ये म्हणतात.